जळका वास आणि उस्तादांचा प्रश्न

काळी-पिवळीत जळका वास आला की पूर्वी आधी प्रवासी बोलायचे, ड्रायव्हर नंतर. घनसावंगीहून अंबडकडे भरून निघालेल्या जीपमध्ये मागून कुणीतरी ओरडायचं, "अहो, थांबवा, काहीतरी जळतंय!" की लगेच तर्क सुरू. एकजण म्हणायचा पट्टा, दुसरा म्हणायचा क्लच. त्यातला निदान एक तर्क बरोबर निघायचा, याचं मला आजही कौतुक वाटतं. विहिरीवर डिझेल इंजिन चालवणारी, खळ्यावर मळणीयंत्रापाशी उभी राहिलेली माणसं ती. पट्टा घसरला की रबर कसं करपतं, हे त्यांना गाडीत बसायच्या आधीच ठाऊक होतं.

क्लचचा वास आमच्याकडे पावसाळ्यात हमखास यायचा. काळ्या मातीच्या पांदीत चाक रुतलं की ड्रायव्हर अर्धा क्लच धरून गाडी रेटायचा. प्लेट घासून तापायची आणि कागद जळाल्यासारखा उग्र वास नाकात बसायचा. चैत्रात रामनवमीला समर्थांच्या जांबला जाणाऱ्या गाड्यांचंही तेच. टपापर्यंत भरलेल्या, वर ऊन, आणि गर्दीत दर दहा पावलांवर क्लच.

मोठ्या कामाला गाडी जालन्याला न्यावी लागे. पण वासाचं निदान गावातच व्हायचं, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गॅरेजात. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. ते लगेच पाना हातात घेत नसत, आधी विचारत, "वास कधी येतो? चढावर, ब्रेक मारल्यावर, की दिवे लावल्यावर?" या एका प्रश्नात अर्धं काम व्हायचं. चढावर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच. सपाटीला सोडली तरी गाडी मोकळी धावत नाही, म्हणजे ब्रेक धरलेला. अॅम्बेसेडरच्या चारही चाकांना ड्रम असत. उस्ताद प्रत्येकावर पाण्याचे दोन थेंब शिंपडायचे. जिथे चर्र वाजलं, ते चाक खोलायचं. हँडब्रेक ओढलेला राहिला असेल तर मागची दोन्ही चाकं तापलेली सापडत. आणि गाडी थांबल्यावर बॉनेटमधून निळसर धूर आला, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून ऑइल सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकतंय.

वायरच्या वासाला मात्र सगळे घाबरत. प्लास्टिक वितळल्याचा तो घशाला झोंबणारा वास आला की उस्तादांचा हात आधी बॅटरीच्या टर्मिनलवर. ते सोडवल्याशिवाय ते दुसरं काही बोलतही नसत. त्यानंतरची त्यांची पद्धत मला अजून लख्ख आठवते. उडालेला फ्यूज काढून त्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचे आणि मग टर्मिनल पुन्हा लावायचे. कुठे वायर सोलून बॉडीला टेकली असेल तर बल्ब पेटायचा. सगळा प्रवाह बल्बमधूनच जाणार आणि तो त्याला आवर घालणार, म्हणून वायर जळायची नाही. मग एकेक जोड सोडवत जायचं. ज्या जोडाला बल्ब विझला, त्या वाटेवर दोष. किंमत फक्त एका जुन्या बल्बची, आणि निदान अचूक.

त्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायचे, ते भयंकर होतं. फ्यूजऐवजी मग वायरच जळणार. रात्रीच्या अंधाऱ्या रस्त्यासाठी ५५ वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे घालायचे, वायर आणि स्विच मात्र जुनेच. १२ व्होल्टच्या गाडीत दोन बल्बांचा प्रवाह ९ अँपिअरवरून जवळजवळ १७ वर जातो आणि वायरमधली उष्णता तिपटीहून जास्त होते. मध्ये रिले घातला असता तर कितीतरी स्विच वाचले असते. आणि गॅरेजातली लहान पोरं लायनरची भुकटी तोंडाने फुंकत. तेव्हाच्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असे. ते आठवलं की जीव तुटतो.

आता त्याच रस्त्याने बंद काचांच्या गाड्या जातात. एसी आतलीच हवा फिरवतो, डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. वास आतल्यांपर्यंत पोचतो तोच उशिरा, आणि पोचला तरी तो कशाचा हे सांगणारं मागच्या सीटवर कुणी नसतं. गॅरेजातला मुलगा आधी स्कॅनर लावतो. स्कॅनर मोलाचा आहे. कोणत्या सेन्सरकडे गडबड आहे, इंजिन किती तापलं, हे तो क्षणात सांगतो. पण सायलेन्सरला चिकटून वितळलेली कॅरीबॅग, सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनवर विसरलेला पुसायचा बोळा, किंवा भाव येईपर्यंत घरात भरून ठेवलेल्या कापसातून उंदराने बॉनेटमध्ये नेऊन केलेलं घरटं, यांचा कोड त्यात उमटत नाही. उंदराने वायर कुरतडली असेल तर प्रकरण आणखी बिकट. तिथे बॅटरीचं टर्मिनल सोडवून बॉनेटखाली डोकं घालणाराच माणूस लागतो.

काही वास तर नवेच आलेत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं, करपट वास येतो, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. यात बिघाड काही नाही. शक्य असेल तर गाडी थोडा वेळ आणखी चालवून ते काम पुरं होऊ द्यावं. पण धूर दिसला किंवा वास प्लास्टिकचा असला, तर गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद करायची, सगळ्यांना उतरवून लांब न्यायचं, आणि बॉनेट भस्सकन उघडायचं नाही. हवा मिळाली की आग भडकते.

तीर्थपुरीकडे ऊसतोड सुरू झाली की नव्या गाड्या फडाच्या कडेला, थेट वाळलेल्या पाचटावर उभ्या केलेल्या दिसतात. मी प्रत्येक वेळी थांबून ड्रायव्हरला सांगतो, "दादा, गाडी पुढे मुरमावर घ्या, खाली पाइप तापलेला आहे."