माळेचा दोरा

माझी अक्का पंढरपुरात तुळशीच्या माळा ओवते. तिचे वर्षाचे गणित आषाढी-कार्तिकीवर बसते. २०२० साली आषाढी एकादशी १ जुलैला आली आणि आली तशी निघून गेली. मानाच्या पालख्या एस. टी.तून आल्या, गावात संचारबंदी होती आणि ऐन आषाढीला चंद्रभागेचे वाळवंट ओस पडले होते. अक्काच्या घरी दोऱ्याची रिळे तशीच पडून राहिली.

त्या दोऱ्याला गिऱ्हाईक मिळाले ते घरातलेच. माझा भाचा.

तो त्या वर्षी सोलापूरला डॉक्टरीची शेवटची परीक्षा उतरून इंटर्न म्हणून लागला होता. सर्जन व्हायचे, हे त्याने शाळेतच ठरवून टाकलेले. इंटर्नच्या वर्षात तेव्हा दोन महिने शस्त्रक्रिया विभागाचे असत. नवख्या पोराला ऑपरेशनच्या टेबलाशी उभे करतात, जखमेच्या कडा ताणून धरायला लावतात आणि एखाद्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणतात, "घाल पाहू टाका." पण कोरोना आला आणि ज्या शस्त्रक्रियांची घाई नव्हती त्या साऱ्या पुढे गेल्या. ह्याच्या हाती आली ती नाकातून स्वॅब घ्यायची काडी.

चार दिवस सुटी मिळाली की तो घरी येई, खिडकीच्या गजाला माळेचा दोरा बांधी आणि एका हाताने गाठी मारीत बसे. केळ्याची साल चिरून ती पुन्हा शिवी. अक्का म्हणे, "अरे, केळं खायचं सोडून शिवतोस काय?"

मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणून उपदेश करायची खोड. म्हटले, "एक वर्ष इकडे-तिकडे झालं तर काय बिघडतं?"

"मामा, वर्षाचं नाही हो. हाताचं बिघडतं."

मी गप्प बसलो. कारण त्याच दिवसांत मी मोबाइलवरून पहिलीला बाराखडी शिकवीत होतो. मूठ हातात धरून गिरवून घेतल्याशिवाय पोराला 'ळ' येत नाही, हे मला ठाऊक होते. आणखी एक गोष्ट सांगायला हरकत नाही. माझे हर्नियाचे ऑपरेशनही तेव्हाच लांबले होते. वर्षभर पट्टा बांधून वावरलो. माझ्यासारख्यांची राहिलेली ऑपरेशने म्हणजेच ह्या पोरांचे बुडालेले धडे, हे मात्र तोवर डोक्यात आले नव्हते.

पुढे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. तारीख ठरली १८ एप्रिल २०२१. पोर रात्रपाळी करून अभ्यास करी. १५ तारखेला परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली. गंमत पाहा, १७ तारखेला आमच्या पंढरपुरात पोटनिवडणुकीचे मतदान मात्र ठरल्याप्रमाणे झाले! ३ मे रोजी सरकारने सांगितले, परीक्षा निदान चार महिने नाही; डॉक्टर कोरोनाच्या कामाला हवेत. त्यात खोटे काही नव्हते. दुसरी लाट तेव्हा घराघरांतून फिरत होती. भाचा ऑक्सिजनची नळी लावायला शिकला आणि माणूस गेल्याचे त्याच्या घरी फोनवरून सांगायलाही शिकला.

परीक्षा झाली ११ सप्टेंबरला. मग राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडला आणि प्रवेश सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोवर पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर आलेच नाहीत. वरच्या दोन वर्षांची पोरे तिघांचे काम ओढीत राहिली. "दुसरं काही घे रे, लवकर मोकळा होशील," असे अक्का एकदा म्हणाली. तो जेवता जेवता उठून गेला. ती पुन्हा म्हणाली नाही.

अखेर त्याला सर्जरीच मिळाली. रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी रात्री फोन आला. हर्नियाच्या ऑपरेशनात वरच्यांनी त्याला कातडीचे टाके घालू दिले होते.

अक्काने विचारले, "दोरा कसला होता रे?"

"नायलॉनचा."

"आपल्याइतका पक्का असतो का?"

तिकडून तो हसला. खिडकीच्या गजाला त्याच्या गाठींचा झुपका अजून आहे. मध्यंतरी ऐन वारीत अक्काला दोरा कमी पडला. तिने शेजारणीकडून रीळ उसने आणले.