किती बोटं?

जयपूरच्या विद्याधर नगरची आखणी पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींची. इथे दवाखाना थाटला तेव्हा मला त्याचं फार अप्रूप होतं. माझ्या खोलीत तपासणीचा तक्ता आहे, पण मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांपुढे तो बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. मग मी तीन मीटरवर उभी राहते, बोटं वर धरते आणि विचारते, "माँजी, कितनी उंगलियाँ?" चांगल्या डोळ्यानंही एवढ्या अंतरावरून बोटं मोजता आली नाहीत, तर सरकारी व्याख्येनं तो माणूस अंध. तीन मीटर म्हणजे ओसरीची लांबी.

जानेवारीत एक आजी नातवासोबत आल्या. दोन्ही बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या. इतके दिवस का थांबलात, विचारलं तर म्हणाल्या, पिकू दिला.

हे उत्तर मी नाशिकलाही ऐकलंय. त्यात आजींची चूक नाही. पूर्वी अख्खं भिंग काढत आणि जाड चष्मा देत, म्हणून डॉक्टरच 'पिकू द्या' सांगत. आता भिंगाची पिशवी राखून बारीक छेदातून कृत्रिम भिंग बसवतात. तंत्र बदललं, सल्ला मात्र घराघरांत तसाच राहिला. आणि पिकलेलं भिंग फुगलं तर डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होते, दाब चढतो, नस मरते.

उजव्या डोळ्यावर मी वरून, खालून, दोन्ही बाजूंनी बॅटरी मारली. उजेड कुठून येतोय हे आजींना एकदाही सांगता आलं नाही. त्या डोळ्यासाठी माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. डाव्याची शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर मी बोटं धरण्याआधीच त्यांनी खिडकीबाहेर तारेत अडकलेला पतंग दाखवला.

1976 पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तरीही 2015-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा 66.2 टक्के निघाला. एवढ्या लोकांचं अंधत्व टळणारं होतं, याचा मला राग येतो.

एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचं दुखणं झाकून जातं. म्हणून आज संध्याकाळी आईचा एकेक डोळा तळहातानं झाका आणि तिला भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला सांगा. अडखळली तर पिकण्याची वाट पाहू नका, याच आठवड्यात डोळे दाखवा.