दोष तबकडीचा

2012 सालचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क असलेला असेंबल्ड डेस्कटॉप आज चालू केला, की ब्राउझर उघडेपर्यंत चहा निवून जातो. मग ‘प्रोसेसर जुना झाला, आता नवीनच घ्या’ असा निकाल लागतो. मला तो चुकीचा वाटतो. त्या प्रोसेसरचे चार कोअर लेखन, हिशेब, व्हिडिओ आणि ऑनलाइन अर्ज भरण्याला आजही पुरतात. संथपणा आहे तो डिस्कच्या तबकडीत. ती मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 फेरे घेते. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे 4 मिलिसेकंद, जातो. हेड जागेवर सरकण्याचा वेळ वेगळा. दोन्ही मिळून 12-13 मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम 80 वेळा वाचता येतं. आजची सिस्टिम सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली मागते, त्यातच अपडेट आणि अँटिव्हायरस डोकं वर काढतात. शिवाय रॅम अपुरी पडली, की उरलेला पसारा त्याच तबकडीवर उतरवला जातो. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहावा: डिस्क 100 टक्के, आणि प्रोसेसर बराचसा रिकामा. दोष कुणाचा, ते तिथे स्वच्छ दिसतं.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च एसएसडीचा आणि दुसरा रॅम 8 जीबी करण्याचा. यावर जाणकार हरकत घेतात, की त्या काळच्या एच-61 बोर्डावर साटा-2 आहे, एसएसडीचा निम्मा वेग वायाच जाणार. हे खरं आहे, पण तो वेग एकच मोठी फाइल सलग कॉपी करतानाचा. रोजच्या कामात आपण सलग वाचनासाठी नव्हे, त्या 12 मिलिसेकंदांसाठी ताटकळत असतो, आणि एसएसडीत फिरणारं काही नसल्याने ती वाट पाहणंच संपतं. केबल कितीही जुनी असली तरी.

सुरक्षिततेची हरकत मात्र वजनदार आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आडवाटेने ते बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करा, असं मी कुणाला सांगणार नाही. त्यापेक्षा लिनक्स मिंट बसवावं. सुरक्षा अपडेट मिळत राहतात, ब्राउझर तोच, आणि इनस्क्रिप्टने युनिकोड मराठी सरळ टाइप होतं. ज्यांची छपाईची जुनी कामं श्रीलिपी आणि पेजमेकरमध्ये अडकली आहेत, त्यांना हा पर्याय पुरणार नाही, हे मान्य. त्यांनी ते यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामाला ठेवावं. एसएसडी तिथेही उपयोगी पडते.

कोअर टू ड्युओच्या यंत्रांना मी हा सल्ला देत नाही. तिथे आजचा ब्राउझर चालवताना प्रोसेसरच धापा टाकतो, डिस्क बदलून तो दम भरून येत नाही.