एका झऱ्याच्या दोन विहिरी

वसईच्या वाड्यांतून जो हिंडला आहे त्यास ठाऊक असेल की तेथे विहीर म्हणजे घराच्या अब्रूची खूण. आमच्या परसात एक विहीर होती. कुंपणापलीकडे ख्रिस्ती शेजाऱ्यांची दुसरी. आम्ही सामवेदी ब्राह्मण, ते कुपारी. बोली मात्र दोन्ही घरांची एकच, कादोडी. केळीचे घड कुंपणावरून इकडचे तिकडे जात, पाणी मात्र जात नसे. आणि लहानपणी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्ट्यातील जमिनी बांधकामास मोकळ्या होऊ लागल्या. मागोमाग टँकर आले आणि विहिरी उपसू लागले. आमचे पाणी मचूळ झाले, तेव्हा वडिलांचा संशय शेजाऱ्यांच्या पंपावर गेला. त्यांचाही आमच्यावर होता. अखेर एके सायंकाळी शेजारचे काका कुंपणापाशी आले आणि तांब्या पुढे करून म्हणाले, "दादा, एकदा चाखून तर पाहा." वडील क्षणभर घुटमळले, मग त्यांनी घोट घेतला. चव तीच, खारट! त्या घरचे पाणी त्यांनी ओठास लावले ते बहुधा प्रथमच.

पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा ही दोन्ही माणसे एकाच मोर्चात चालली. एका धर्मगुरूच्या हाकेस देवळात जाणारी माणसेही ओ देतात, हे मी तेथे पाहिले. हेच फादर 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 साली ते निवर्तले.

चळवळीने सर्व काही वाचवले असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. इमारती उठल्याच, 2009 साली महानगरपालिकाही आली. घोषणा देणाऱ्या आमच्याच घराने पुढे वाडीचा एक तुकडा विकला. व्यवहार मीच केला, आणि शेजारच्या काकांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यांना ते बाहेरून कळले. ते एवढेच म्हणाले, "अरे, आधी विचारायचेस तरी."

तेव्हापासून मला वाटते, परस्परांविषयी प्रेम उत्पन्न होईपर्यंत सहकार्य लांबणीवर टाकणारा समाज तहानेने मरेल. प्रथम पाणी चाखावे. प्रेम मागाहून येते. आणि ते आल्यावर, कुंपणापलीकडे विचारल्यावाचून आपल्या परसातलेही काही विकू नये.