मोगली आमच्या नदीवरचा

परवा हापिसात चहाच्या वेळी एका नव्या पोराने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"गोंदिया."

"अच्छा, म्हणजे छत्तीसगड!"

चौदा वर्षं पुण्यात काढल्यावर याचा राग येत नाही. छत्तीसगड आम्हाला जवळ आहे हे खरंच, मध्य प्रदेश तर त्याहून जवळ. मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, "मोगली माहितीये? त्याची नदी आमच्याकडून जाते."

ही थाप नाही हो. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधले लांडगे सिवनीच्या टेकड्यांतले, आणि पुस्तकातली नदी वैनगंगा. ती उगम पावते सिवनी जिल्ह्यात, तिथून बालाघाट, मग गोंदिया जिल्ह्याच्या कडेकडेने भंडाऱ्याकडे, आणि पुढे गडचिरोलीत. मोगलीने जिथे डुंबायचं ते पाणी काही दिवसांनी आमच्या तिरोडा तालुक्याजवळून वाहत असणार. आमच्याकडच्या माणसाला मिरवायला फार गोष्टी नसतात, म्हणून ही जपून ठेवलेली.

तर त्यावरून चर्चा अशी पेटली की कुणाचा मोगली भारी. कार्टूनवाला? डिस्नेवाला? गेममधला? शेवटी मी जाहीर केलं की शनिवारी सगळे मोगली पुन्हा काढून बसतो आणि सोमवारी निकाल लावतो. बायकोने कपाळाला हात लावला. असो.

सुरुवात अर्थातच दूरदर्शनवाल्या मोगलीपासून. मूळ मालिका जपानी, १९८९ ची, ५२ भागांची. आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला हिंदीतून आली, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत एकाच घरी रंगीत टीव्ही होता आणि त्यांच्या ओसरीत चपलांचा ढीग. नेमकी तेव्हाच लाईट जायची. या मोगलीच्या हातात चक्क बूमरँग होतं. सिवनीच्या जंगलात बूमरँग कुठून आलं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. आम्ही लाकडाच्या फळीतून बूमरँग कापली. त्यातली एकही परत आली नाही, प्रत्येक वेळी धानाच्या बांधीत उतरून शोधावी लागायची.

आज पाहिली तर मालिका संथ वाटते. पण एक गोष्ट लक्षात आली. मोगलीला घर आहे हे ती कधी विसरत नाही. लांडगीण आई आहे, भाऊ आहेत, मार आहे, रुसवे आहेत. दहापैकी आठ. त्यातले दोन नानांच्या आवाजाचे :-)

मग गेम. डिस्नेच्या सिनेमावरून १९९४ मध्ये जंगल बुकचा गेम आला होता. कन्सोलवर आला आणि डॉसवरही. मी तो बारावीनंतरच्या सुट्टीत कॉम्प्युटर क्लासमध्ये खेळलो, सर जेवायला गेले की. पडद्यावर मोगली पळतो, वेलीवर झोके घेतो, प्राण्यांना केळी फेकून मारतो आणि हिरे गोळा करतो. हिरे पुरेसे झाले की पुढची लेव्हल. शनिवारी इम्युलेटरवर परत लावला. ॲनिमेशन आजही देखणं आहे. मी पाऊण तासात कितीदा मेलो ते सांगत नाही.

पण गेमर म्हणून माझी जुनी तक्रार तशीच आहे. यात जंगल म्हणजे हिरवं गोदाम. हिरे उचला, केळी मारा, पुढे चला. जंगलात जाऊन करायची खरी गोष्ट म्हणजे गप्प बसून वाट बघणं, आणि तिच्यासाठी कुठलंच बटण नाही. नागझिऱ्यात पाणवठ्यावर तीन तास बसून एक मोर आणि दोन रानडुकरं पाहिलेल्या माणसाला हे पटेल. 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) आठवा. त्यात एकेक अजस्र प्राणी मारला की विजयाचं संगीत वाजत नाही, उदास सूर लागतो, आणि आपण काय केलं असं वाटून कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो. गेमला हे जमतं! पण मोगलीच्या गेममध्ये शेरखान म्हणजे नुसता शेवटचा बॉस. दहापैकी पाच.

डिस्नेचा १९६७ चा सिनेमा रात्री पाहिला. वॉल्ट डिस्नेने आपल्या लेखकाला आधी पुस्तक वाचूच नकोस असं बजावलं होतं म्हणे. सिनेमा बघितल्यावर त्याने आज्ञा पाळली याची खात्री पटते. पुस्तकातला का हा अजगर मोगलीचा मित्र आणि गुरू, इथे तो खलनायक. पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही, तीच तर त्यांची गंमत, आणि इथे भारतीय जंगलात ओरांगउटान सिंहासनावर बसलाय. गाणी मात्र अशी की रविवारी भांडी घासतानाही गुणगुणत होतो. शेवटी मोगली पाणी भरायला आलेल्या मुलीच्या मागे मागे गावात जातो. बस्स, संपलं. सहा.

आणि पुस्तक. ते मी पहिल्यांदा वाचलं नागपूरच्या हॉस्टेलवर, मांजरपाटाचं कव्हर घातलेली ग्रंथालयाची प्रत. किपलिंग मुंबईत जन्मलेला, १८६५ मध्ये, पण हे पुस्तक त्याने लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. छापून आलं १८९४ मध्ये. साहेब पक्का साम्राज्यवादी होता, ते अधूनमधून डोकावतंच. पण एक गोष्ट त्याने लिहून ठेवली जी गेमने आणि सिनेमाने गाळली. मोगलीला दोनदा हाकलतात. आधी लांडगे, कारण तो माणूस. मग गाव, कारण तो लांडगा. शेरखानला म्हशींच्या पायाखाली तुडवून तो परत येतो तर गावकरी त्याला जादूटोण्यावाला म्हणून दगड मारतात. पहिल्यांदा कळप सोडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा ते काय आहे हेच त्याला कळत नाही. आपण मरतोय का, असं तो बघीराला विचारतो.

अठराव्या वर्षी हॉस्टेलच्या खाटेवर हे वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. नागपुरात माझ्या बोलण्याला हसायचे. पुढे पुण्यात तर विचारूच नका. आणि गोंदियाला उतरलो की स्टेशनवरून नेणारा चुलतभाऊ म्हणतो, "काय मग पुणेकर!" पुस्तकाला नऊ. एक मार्क साहेबाचा कापला.

खरं म्हणजे निकाल इथेच लागायला हवा होता. पण रविवारी दुपारी, मूड होता म्हणून, मियाझाकीचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) लावला. त्यात लांडग्यांनी वाढवलेली एक मुलगी आहे, सान. तिला माणसांची चीड आहे. पण जंगल तोडून लोखंड गाळणारी जी बाई आहे, तिने समाजाने टाकलेल्या बायकांना आणि कुष्ठरोग्यांना काम दिलेलं आहे. कुणाचा राग करायचा तेच कळत नाही. शेवटी मुलगी जंगलात राहते, मुलगा गावात, आणि भेटत राहू असं ठरतं. बस, एवढाच तोडगा.

संध्याकाळी गावाकडे मोठीआईला फोन लावला. मोहफुलांचे दिवस आहेत. तिचं गाव जंगलाला लागून. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, आणि वाघ वाढावेत म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. तेव्हा मी पुण्यात बसून बातमी स्टेटसला ठेवली होती, वर वाघाचा इमोजी. मोठीआई मात्र पूर्वी पहाटे अंधारात एकटी टोपलं घेऊन जायची, आता ऊन वर आल्यावर चार-पाच जणी मिळून जातात. तोवर निम्मी फुलं जनावरांनी खाल्लेली असतात.

मी तिला गंमत म्हणून शेरखानबद्दल विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाघ त्याच्या जागी बरा, बापू, मी माह्या जागी. पन मोहाचं झाड कोनाच्या जागी हाय, थे कोन सांगन?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं. किपलिंगकडे म्हशी होत्या, डिस्नेकडे शेपटीला बांधलेली जळती फांदी, गेमकडे केळी. शेरखानला हरवायची युक्ती सगळ्यांनी सांगितली. त्याच जंगलात दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं घेऊन कसं जायचं, हा प्रश्न फक्त त्या जपानी म्हाताऱ्याला पडला होता, आणि आमच्या मोठीआईला.

तर निकाल: मोनोनोके, दहापैकी दहा. स्पर्धेत नव्हता, तरी.

सोमवारी हापिसात हे सांगितलं तर नव्या पोराने विचारलं, "पण त्यात मोगली कुठे आहे?"

मी म्हटलं, येत्या मार्चमध्ये चल गोंदियाला, दाखवतो. ऊन वर आल्यावर जाऊ.