दिवटीपुढे फ्लॅश

लग्नाचं काम शिकणाऱ्या पोरांना मी वर्षानुवर्षं एकच सांगायचो: फ्लॅश घ्यायचा तर टीटीएलचाच घ्या. उजेडाचा हिशेब कॅमेरा करतो, आपण माणसांकडे बघायचं. मॅन्युअल फ्लॅश स्टुडिओतच शोभतो, हे माझं ठाम मत होतं. आज ते राहिलेलं नाही, आणि ते बदललं गोंधळानं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजाभवानी घरोघरची कुलदेवी, त्यामुळे लग्न झालं की गोंधळ आलाच. रात्री अंगणात चौक मांडतात, संबळ कडाडतो, दिवटी पेटते. तिच्यावर तेल पडलं की ज्योत एकदम फुलते आणि गोंधळ्याचा चेहरा तांबूस उजळतो. तो तांबूसपणा गेला तर फोटोत गोंधळ उरतच नाही.

टीटीएल नेमका तिथंच अडतो. मागं काळोख मोठा असला की तो जास्त उजेड फेकतो आणि कपाळावरचं कुंकू फिकं पडतं. फ्रेम जरा हलली की मोजमाप बदलतं. लागोपाठचे चार फोटो चार तऱ्हेचे येतात.

गोंधळी मात्र चौकाच्या आसपासच नाचतो. फ्लॅशपासूनचं अंतर फारसं बदलत नाही, मग उजेड तरी दर फोटोला नव्यानं कशाला मोजायचा? आता मी आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त दिवटीसाठी कॅमेरा लावतो: आयएसओ ८००, एफ/४, शटर १/३०. मग दिवटीच्याच बाजूला स्टँडवर फ्लॅश, ताकद १/६४, पुढं पांढरं कापड आणि नारंगी जिलेटिन. फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विन, ज्योतीचा २००० च्या आसपास. जिलेटिनशिवाय चेहरा निळसर, मेल्यासारखा दिसतो. ज्योत कमीजास्त करायची तर शटर फिरवायचं. फ्लॅश क्षणार्धाहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे शटर लांबवलं तरी त्याचा उजेड तेवढाच राहतो. दोन्ही उजेड असे वेगवेगळे हातात येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. गळ्यातल्या माळेची कवडी न कवडी सुटी दिसते, आणि सावली दिवटीनं पाडावी तशीच पडते.

मॅन्युअल फ्लॅश स्वस्तही पडतो. फक्त जुन्या बाजारातला, फिल्मच्या जमान्यातला घेताना जपा. व्हिव्हिटार २८३ च्या सुरुवातीच्या काही नगांत ट्रिगरचा व्होल्टेज २०० च्या वर असतो. सगळ्याच डिजिटल कॅमेऱ्यांना तो झेपत नाही. मल्टिमीटरनं मोजल्याशिवाय तो हॉट-शूवर चढवू नका.

वरातीत मात्र मी अजूनही टीटीएलच लावतो. नवरदेव आता दोन मीटरवर, तर लगेच सहा मीटरवर. अंतर तिप्पट झालं की फ्लॅशचा उजेड नवव्या हिश्शावर येतो, आणि तिथं चाक फिरवत बसायला कुणी थांबत नाही.