आईच्या सतरा पायऱ्या

बऱ्याच शनिवारांनी लिहितोय. निमित्त आईच्या गुडघ्यांचं.

आमचं देगलूरचं घर जुनं, माळवदाचं. भिंती दगडमातीच्या, पावणेदोन फूट जाड (टेप लावून मोजल्यात). मागच्या अंगाला नंतर बांधलेली सिमेंटची खोली, तिच्यावर आणखी एक. फायबरवाला आला तेव्हा खांबावरून वायर जिथं सोपी पडली तिथंच, म्हणजे वरच्या खोलीत, राउटर ठोकून गेला. आईबाबा राहतात पुढं माजघरात.

आई रोज रात्री साडेनऊला मला व्हिडिओ कॉल करते. मागं कायम तीच निळी भिंत. मला वाटायचं, तिला ती खोली आवडत असेल. दिवाळीला गेलो तेव्हा बाबा सहज बोलून गेले, "पाऊसकाळात शेवटच्या पायरीवरून घसरली होती ती. तुला सांगू नको म्हणाली."

आईला विचारलं तर म्हणे, "खाली तू तुकड्या-तुकड्यानं येतोस रे. वर गेलं की अख्खा दिसतोस."

सतरा पायऱ्या, कठडा नाही. आणि मी पुण्यात पगार घेतो तो नेटवर्कचा! असो.

पहिला विचार अर्थातच पैसे फेकण्याचा. सहा अँटेनावाला, कोळ्यासारखा दिसणारा राउटर घ्यावा. पण राउटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी मोबाईलचं बारीक आवाजातलं उत्तर भिंतीपलीकडे पोचायला हवं ना? खोक्यावरच्या आकड्यांनीही भुलू नका. 'एसी १२००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज. ५ चा वेग जास्त, पण जाड भिंतीत तोच आधी मान टाकतो. २.४ जरा तग धरतो.

मग एका मित्राचा रिपीटर आणून लावला. सिग्नलच्या कांड्या पूर्ण, कॉल तरी अडकतोच. कारण साधा रिपीटर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर पुढं सांगतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. शिवाय भिंतीअलीकडे त्यालाच जे अर्धवट ऐकू येतं, तेच तो पुढं सांगणार.

म्हणजे वायर ओढणं आलं. वरच्या राउटरपासून माजघरापर्यंत इथरनेट केबल आणि तिथं एक स्वस्त ॲक्सेस पॉइंट. छताला लावायचे, केबलमधूनच वीज घेणारे छान मिळतात, पण दोन माणसांच्या घराला कशाला? ॲक्सेस पॉइंट मोड असलेला साधा ड्युअल बँड राउटर पुरतो. मी आर्चर सी६ घेतला, अडीच हजारांच्या आत. कपाटात जुना राउटर पडला असेल तर तेवढाही खर्च नाही. त्याचा डीएचसीपी बंद करायचा, पत्ता वेगळा द्यायचा आणि केबल लॅन पोर्टात खोचायची. वॅनमध्ये नाही, इथंच सगळे फसतात. दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच, २.४ चे चॅनेल मात्र वेगळे, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११.

केबलमध्ये मात्र कंजुषी नको. दुकानदारानं आधी दिली ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. पूर्ण तांब्याची मागून घ्या. शंभर मीटरपर्यंत काळजी नाही, आम्हाला बावीस लागली.

खरी अडचण बाबांची. आजोबांच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही म्हणजे नाही. वायरमन शिडीवर, मी खाली, बाबा मध्ये हाताची घडी घालून. अर्धा तास असाच गेला. मग तेच म्हणाले, "अरे, अँटेनाच्या वायरीचं भोक आहे की!" १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा आजोबांनी स्वतःच पहारीनं पाडलेलं. वर कॅलेंडर टांगलेलं होतं म्हणून कुणाच्या लक्षात नव्हतं. केबल त्यातून अलगद गेली.

लाईट जाते म्हणून दोन्ही डब्यांना १२ व्होल्टचे छोटे यूपीएस लावले. ते घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही ताडून बघा.

पुण्याला परतल्यावर साडेनऊला फोन वाजला. निळी भिंत नाही. निम्म्या पडद्यावर माळवदाच्या तुळया, खाली कोपऱ्यात आईचं कपाळ.

"दिसायलोय का अख्खा?"

"हाव. पण वाळलास किती रे!"